वाचकांचे प्रश्न : बेसबॉलमधील फेअर आणि फाऊल चेंडू

बेसबॉलचे सामने पाहताना पडलेले अनेक प्रश्न वाचकांनी या सदराकडे पाठवले आहेत. त्यांतले बहुतेक फिरून एकाच ठिकाणी येतात: मारलेला चेंडू फेअर केव्हा धरायचा आणि फाऊल केव्हा. म्हणून या वेळी संपूर्ण सदर त्या एकाच विषयाला दिले असून सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे अमेरिकेतील मेजर लीग ज्या नियमांनुसार खेळली जाते त्या नियमांच्या आधारे दिली आहेत. अन्यत्र वेगळी पद्धत असेल तिथे तसे नमूद केले आहे.

प्रश्न : एका फलंदाजाने मारलेल्या चेंडूचा टप्पा रेषेच्या आत पडला आणि मग तो बाहेर गेला. पंचांनी तो फाऊल दिला. त्याच सामन्यात पुढे दुसऱ्या फलंदाजाचा चेंडूही आत टप्पा पडून बाहेर गेला, पण तो फेअर ठरला आणि फलंदाज थेट सेकंड बेसवर पोहोचला. सारख्याच चेंडूंना दोन वेगळे न्याय कसे?

उत्तर : दोन्ही निर्णय बरोबर असणार, कारण ते चेंडू दिसायला सारखे असले तरी नियमाच्या दृष्टीने सारखे नव्हते. टप्पा आत पडला की बाहेर, एवढाच प्रश्न पंच स्वतःला विचारत नाहीत. तो फर्स्ट किंवा थर्ड बेसच्या (बेस म्हणजे धावणारा ज्या ठाण्यांवर थांबतो ती) अलीकडे पडला की पलीकडे, हे त्याआधी पाहावे लागते.

मैदानाची आखणी डोळ्यांसमोर आणली तर हे स्पष्ट होईल. होम प्लेट म्हणजे फलंदाजाजवळची जमिनीतली पट्टी. तिच्या मागच्या टोकापासून दोन फाऊल रेषा एकमेकींशी काटकोन करून निघतात. एक फर्स्ट बेसला लागून जाते, दुसरी थर्ड बेसला लागून, आणि दोन्ही थेट कुंपणापर्यंत पोहोचतात. या दोन रेषांमधला भाग म्हणजे फेअर क्षेत्र आणि उरलेले सगळे फाऊल क्षेत्र. क्रिकेटमध्ये फलंदाजाला चहूबाजूंना मोकळे रान असते आणि यष्टिरक्षकाच्या मागे गेलेल्या चेंडूवरही धावा काढता येतात. बेसबॉलच्या फलंदाजाला मात्र वर्तुळाचा फक्त पाव भाग मिळतो.

होम प्लेटपासून फर्स्ट बेस आणि थर्ड बेस प्रत्येकी 90 फुटांवर, म्हणजे सुमारे 27.43 मीटरवर असतात. या 90 फुटांच्या पट्ट्यात जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूचा पहिला टप्पा कुठे पडला याला फारसे महत्त्व नसते. तो आत टप्पा खाऊन बाहेर जाऊ शकतो, बाहेर टप्पा खाऊन आत येऊ शकतो, रेषेवरून दोन-तीनदा इकडून तिकडे जाऊ शकतो. तोवर त्याचा निकाल लागलेला नसतो. निकाल लागतो तो तीनपैकी एखादी गोष्ट घडल्यावर: चेंडू कुठेतरी स्थिरावतो, किंवा खेळाडूचा वा पंचाचा त्याला स्पर्श होतो, किंवा तो फर्स्ट अथवा थर्ड बेस ओलांडून पुढे जातो. त्या क्षणी चेंडू फेअर क्षेत्रात किंवा त्या क्षेत्राच्या वर हवेत असेल तर फेअर, नसेल तर फाऊल. बेस ओलांडताना चेंडू उसळी घेऊन हवेत असला तरी हरकत नाही. बेसच्या वरून तो गेला की फेअर झाला, मग बेसच्या मागे तो फाऊल क्षेत्रात पडून प्रेक्षकांच्या कठड्यापर्यंत घरंगळत गेला तरी निर्णय बदलत नाही.

बेसच्या पलीकडे हिशेब वेगळा होतो. उंच उडालेला किंवा सरळ सुसाट गेलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता बेसच्या रेषेपुढे जमिनीवर पडला, तर तो पहिल्यांदा जिथे पडला ती जागाच अंतिम. आत पडला तर फेअर, आणि त्यानंतर तो वळून कुठेही जावो. बाहेर पडला तर फाऊल, आणि नंतर आत आला तरी उपयोग नाही. आपण पाहिलेला पहिला चेंडू बेसच्या अलीकडे टप्पा खाऊन बेसला पोहोचण्याआधीच बाहेर वळला असणार, आणि दुसऱ्याचा टप्पा बेसच्या पलीकडे पडला असणार. फलंदाजाला सेकंड बेस मिळाला त्यावरून असेही वाटते की तो चेंडू टप्पा खाऊन मैदानाच्या हद्दीबाहेर गेला असावा. फेअर चेंडू असा उसळून बाहेर गेला तर फलंदाजाला आणि बेसवरच्या धावणाऱ्यांना दोन बेस दिले जातात.

यातली एक सवलत लक्षात ठेवण्याजोगी आहे. चेंडू फर्स्ट, सेकंड किंवा थर्ड बेसच्या उशीला लागला की तिथल्या तिथे फेअर होतो. उशीच्या पुढच्या कडेवर आदळून तो उलट दिशेने फाऊल क्षेत्रात फेकला गेला, तरी तो फेअरच राहतो आणि क्षेत्ररक्षकाला त्याच्यामागे धावावे लागते.

प्रश्न : रेषा स्वतः कोणत्या बाजूची? आणि होम प्लेटला लागलेला चेंडू फाऊल असतो हे खरे आहे का?

उत्तर : रेषा फेअर क्षेत्रात मोडते. चुन्याला चेंडू लागून पांढरी धूळ उडाली, तर पलीकडच्या टप्प्यासाठी तो फेअरचा सर्वांत बोलका पुरावा असतो. फर्स्ट आणि थर्ड बेसच्या उशाही पूर्णपणे फेअर क्षेत्रात बसवलेल्या असतात. मेजर लीगने 2023 पासून या उशांची बाजू 15 इंचांवरून 18 इंच केली, तरी त्या रेषेच्या आतच राहतात. अनेक हौशी स्पर्धांत आणि सॉफ्टबॉलमध्ये फर्स्ट बेसवर जोड-उशी वापरतात. धावणारा आणि क्षेत्ररक्षक यांची टक्कर होऊ नये म्हणून तिचा रंगीत अर्धा भाग मुद्दाम फाऊल बाजूला असतो. त्या रंगीत भागाला लागलेला चेंडू फाऊल आणि पांढऱ्या भागाला लागलेला फेअर धरतात.

होम प्लेटविषयीची समजूत मात्र चुकीची आहे, जरी ती वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. 17 इंच रुंदीची ही पाचकोनी प्लेट संपूर्णपणे फेअर क्षेत्रात आहे, कारण फाऊल रेषा तिच्या मागच्या टोकाशी मिळतात. प्लेटवर आदळलेल्या चेंडूला जमिनीवर आदळलेल्या चेंडूसारखेच वागवायचे: तो पुढे कुठे थांबतो, कोण त्याला हात लावतो किंवा तो बेस कुठून ओलांडतो, यावर निर्णय. समजूत रूढ होण्याचे कारण बहुधा असे की प्लेटवर आपटलेले चेंडू पुष्कळदा मागे किंवा बाजूला उडतात आणि खरोखरच फाऊल होतात. कारण मात्र प्लेटला चिकटवले जाते.

याच्याच शेजारची एक गोष्ट. फलंदाज ज्या चौकटीत उभा राहतो तिचा काही भाग फेअर क्षेत्रात येतो. मारलेला चेंडू त्या चौकटीत असतानाच त्याच्या पायाला लागला, तर पंच तो फाऊल देतात. तो चौकटीबाहेर पडून धावू लागला आणि फेअर क्षेत्रात चेंडू त्याला लागला, तर तो बाद होतो.

प्रश्न : क्षेत्ररक्षक रेषेच्या बाहेर उभा होता. त्याने हात आत लांबवून चेंडूला स्पर्श केला, चेंडू निसटून बाहेर पडला. पंचांनी फेअर दिले. खेळाडू बाहेर असताना चेंडू आतला कसा?

उत्तर : खेळाडूचे पाय कुठे आहेत हे इथे पाहायचेच नसते, पाहायचा तो चेंडू. हातमोज्याचा स्पर्श झाला त्या क्षणी चेंडू फेअर क्षेत्राच्या वर असेल, तर क्षेत्ररक्षक दोन्ही पायांनी फाऊल क्षेत्रात उभा असला तरी चेंडू फेअर. उलटही तितकेच खरे: आत उभ्या असलेल्या खेळाडूने हात बाहेर नेऊन फाऊल क्षेत्रावरच्या चेंडूला स्पर्श केला आणि तो हातातून सुटून आतल्या गवतावर पडला, तरी तो फाऊलच.

हे सांगायला सोपे आणि बघायला अवघड आहे. 9 ऑक्टोबर 2009 रोजी न्यूयॉर्क यांकीज आणि मिनेसोटा ट्विन्स यांच्यातील प्लेऑफ (हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीतील) मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, अकराव्या डावात, ट्विन्सच्या जो मॉअरने डाव्या रेषेलगत चेंडू मारला. यांकीजचा मेल्की काब्रेरा धावत रेषेकडे आला. चेंडू त्याच्या हातमोज्याला चाटून गेला, रेषेच्या आत पडला आणि उसळून प्रेक्षकांत गेला. म्हणजे तो फेअर ठरण्यास दोन स्वतंत्र कारणे होती, स्पर्श आणि टप्पा, आणि दोन्ही बेसच्या पुष्कळ पलीकडे घडली होती. प्लेऑफमध्ये चारऐवजी सहा पंच असतात आणि डाव्या रेषेवरचा जादा पंच अगदी जवळ उभा होता. त्याने चेंडू फाऊल ठरवला. मॉअरला मिळायला हवे होते ते दोन बेस गेले. फलंदाजीच्या त्याच पाळीत पुढे त्याने सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारली आणि त्यानंतरच्या दोघांनीही मारल्या. तो आधीच सेकंड बेसवर असता तर धाव येण्याचा संभव बराच मोठा होता. प्रत्यक्षात ट्विन्सला त्या डावात एकही धाव मिळाली नाही आणि सामना 4-3 असा गेला. माझ्या मते यात पंचांच्या नजरेइतकाच त्यांच्या जागेचाही दोष आहे. नेहमीच्या सामन्यांत रेषेच्या त्या टोकाला कोणी उभेच नसते, आणि जिथे उभे राहण्याची सवय नाही तिथे चेंडू अंगावर आल्यासारखा येतो.

प्रश्न : थर्ड बेसच्या रेषेवरून हळूहळू घरंगळणारा चेंडू क्षेत्ररक्षक उचलत का नाहीत? नुसते वाकून पाहत का राहतात?

उत्तर : कारण पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे त्या पट्ट्यात चेंडूचे भवितव्य अजून ठरायचे असते, आणि ते ठरवण्याचा अधिकार काही अंशी क्षेत्ररक्षकाच्या हातात असतो. समजा, फलंदाज वेगवान आहे आणि चेंडू उचलून फर्स्ट बेसवर फेकला तरी तो बाद होणार नाही हे दिसतेच आहे. अशा वेळी फेअर क्षेत्रात चेंडू उचलणे म्हणजे फलंदाजाला बेस बहाल करणे. त्यापेक्षा चेंडू रेषेबाहेर जाईल या आशेवर थांबणे शहाणपणाचे. तो बाहेर गेला की तत्क्षणी हात लावायचा, म्हणजे फाऊल पक्का होतो. उशीर केला तर एखादा खडा किंवा गवताची कड त्याला पुन्हा आत ढकलू शकते. म्हणूनच क्षेत्ररक्षक चेंडूवर ओणवा होऊन, हात वितभर अंतरावर ठेवून त्याच्याबरोबर पावले टाकत चाललेला दिसतो, आणि रेषेची बाहेरची कड ओलांडली जाताच चेंडूवर झडप घालतो. मैदानाची निगा राखणारे रेषेलगतच्या मातीचा उतार आपल्या संघाच्या सोयीने किंचित आत किंवा बाहेर ठेवतात, असेही जाणकार सांगत आले आहेत.

या प्रतीक्षेला मर्यादा कुठे, याचे उत्तर सिअ‍ॅटलमध्ये 27 मे 1981 रोजी मिळाले. कॅन्सस सिटी रॉयल्सच्या एमॉस ओटिसने मारलेला मंद चेंडू थर्ड बेसच्या रेषेने येत होता. सिअ‍ॅटल मरिनर्सचा लेनी रँडल हात आणि गुडघे टेकून जमिनीवर आडवा झाला आणि तोंडाने फुंकर घालत त्याने चेंडू रेषेबाहेर नेला. पंच लॅरी मकॉय यांनी आधी फाऊल दिला. रॉयल्सचे व्यवस्थापक जिम फ्राय यांनी आक्षेप घेतल्यावर निर्णय बदलला आणि ओटिसला बेस मिळाला. आपण फुंकर घातलीच नाही, चेंडूला फक्त बाहेर जायला सांगत होतो, असा रँडलचा बचाव होता. चेंडूला स्पर्श झाला नव्हता हे खरे. पण त्याची वाट कृत्रिमपणे बदलली गेली होती, आणि वाट बघणे व वाट बदलणे यांतला फरक पंचांनी शेवटी मान्य केला.

प्रश्न : हा नियम इतका गुंतागुंतीचा का केला? पहिला टप्पा आत पडला की फेअर, असे सरळ ठेवता आले नसते का?

उत्तर : एकेकाळी ते तसेच होते, आणि त्यामुळेच बदलावे लागले. एकोणिसाव्या शतकात पहिला टप्पा आत पडला की चेंडू फेअर धरला जाई, मग तो होम प्लेटपुढे चार पावलांवर टप्पा खाऊन कितीही बाहेर गेला तरी. चतुर फलंदाजांनी याचा फायदा घेण्याचे तंत्रच बसवले. ते चेंडूला वरून तिरका फटका देत; चेंडू प्लेटपुढे फेअर क्षेत्रात आपटे आणि फिरकीमुळे बाजूला वळून फाऊल क्षेत्रात दूरवर जाई, जिथे त्याला अडवायला कोणी नसे. या फटक्याचा सर्वांत मोठा कसबी म्हणजे रॉस बार्न्स. नॅशनल लीगच्या (आजच्या मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक; दुसरी अमेरिकन लीग) पहिल्याच हंगामात, 1876 मध्ये, शिकागोकडून खेळताना त्याने .429 च्या सरासरीने (दर हजार प्रयत्नांत 429 यशस्वी फटके) लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. क्षेत्ररक्षकांना मग रेषेबाहेरही पहारा ठेवावा लागे आणि आतली जागा उघडी पडे.

1877 च्या हंगामापासून नियम बदलला: बेसला पोहोचण्याआधी बाहेर गेलेला चेंडू फाऊल. बार्न्सची फलंदाजी त्या वर्षी कोसळली आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे सगळे श्रेय या नव्या नियमाला दिलेले आढळते. हे मला थोडे घाईचे वाटते, कारण त्याच हंगामात तो गंभीर आजारी पडला होता आणि बरेच सामने खेळलाच नव्हता. तरीही नियमाचा हेतू स्पष्ट आहे. फलंदाजाला खरोखर पुढे मारायला लावणे, आणि क्षेत्ररक्षकांना कोणत्या कोनाचे रक्षण करायचे ते निश्चित करून देणे.

प्रश्न : कुंपणाजवळच्या उंच पिवळ्या खांबाला चेंडू लागला तर काय होते?

उत्तर : उडता चेंडू खांबाला थेट लागला तर होमरन, म्हणजे फलंदाजाला सगळे बेस फिरून धाव. खांब रेषेचाच उभा विस्तार आहे आणि रेषा फेअर असल्याने खांबही फेअर. मैदानाबाहेर उडत जाणाऱ्या चेंडूचा निर्णय तो कुंपण ओलांडताना खांबाच्या कोणत्या बाजूला होता यावर होतो. खांबाच्या आतून जाऊन मग वळून फाऊल बाजूच्या प्रेक्षकांत पडलेला चेंडूही होमरनच असतो. निर्णय सोपा व्हावा म्हणून खांबाच्या आतल्या बाजूला बहुधा जाळी बसवलेली असते.

या नियमाचे सर्वांत गाजलेले उदाहरण बॉस्टनच्या फेनवे पार्कमधले आहे. 1975 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना 21 ऑक्टोबरला सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या डावात कार्लटन फिस्कने चेंडू डाव्या रेषेवर उंच उडवला. चेंडू बाहेर वळत होता. फिस्क धावायचे सोडून फर्स्ट बेसच्या वाटेवर उड्या मारत, दोन्ही हातांनी चेंडूला आत ये, आत ये असे खुणावत राहिला. चेंडू खांबाला लागला आणि बॉस्टनने सिनसिनाटीविरुद्धचा तो सामना 7-6 असा जिंकला. अंतिम सामना मात्र सिनसिनाटीने नेला.

प्रश्न : फाऊल हा स्ट्राइक मोजतात (तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद), मग दोन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज कितीही फाऊल मारत राहिला तरी बाद का होत नाही?

उत्तर : ही तडजोड आहे. आधी फाऊल मुळीच स्ट्राइक धरला जात नसे. नकोसे वाटणारे चेंडू फाऊल करत पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, थकवायचे आणि शेवटी वॉकवर (चार चुकीच्या चेंडूंमुळे) बेस मिळवायचा, हा काही फलंदाजांचा उद्योगच झाला होता. फिलाडेल्फियाचा रॉय थॉमस त्यासाठी विशेष ओळखला जाई. म्हणून नॅशनल लीगने 1901 पासून आणि अमेरिकन लीगने 1903 पासून दोन स्ट्राइकपर्यंतचे फाऊल स्ट्राइक म्हणून मोजायला सुरुवात केली. तिसरा स्ट्राइक फाऊलवर द्यायचा नाही ही जुनी सवलत मात्र कायम राहिली. तिच्यामुळे काय होऊ शकते हे 22 एप्रिल 2018 रोजी दिसले: सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन बेल्टने एकाच पाळीत 21 चेंडू खेळून काढले, त्यांतले बहुसंख्य फाऊल, आणि एकविसाव्यावर झेल देऊन तो परतला.

दोन अपवाद आहेत. बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच समोर टाकण्याचा फटका, दोन स्ट्राइकनंतर फाऊल झाला तर फलंदाज बाद. नुसती बॅट आडवी धरून चेंडू बाहेर घालवणे फारच सोपे असल्याने 1894 पासूनच फाऊल बंटला स्ट्राइक धरले गेले. दुसरा अपवाद फाऊल टिपचा. बॅटला निसटता चाटून चेंडू थेट प्लेटमागच्या कॅचरकडे गेला आणि त्याने तो झेलला, तर तो साध्या चुकलेल्या फटक्यासारखा स्ट्राइक असतो. दोन स्ट्राइक आधीच झाले असतील तर फलंदाज बाद, आणि खेळ चालू असल्याने बेसवरचे धावणारे पुढचा बेस चोरूही शकतात. कॅचरच्या हातून तो निसटला तर मात्र तो साधा फाऊल, आणि खेळ थांबतो.

प्रश्न : फाऊल क्षेत्रात झेल घेतला तर फलंदाज बाद होतो. मग काही वेळा क्षेत्ररक्षक सोपा झेल मुद्दाम का सोडतात?

उत्तर : झेल न घेतलेला फाऊल पडला की खेळ थांबतो आणि धावणाऱ्यांना आपापल्या बेसवर परतावे लागते. झेल घेतला की उलटे: फलंदाज बाद, पण चेंडू जिवंत, आणि धावणारे आपल्या बेसला पाय लावून पुढे पळू शकतात. शेवटचा डाव, बरोबरीची धावसंख्या, थर्ड बेसवर प्रतिस्पर्धी आणि दोघांपेक्षा कमी बाद अशा वेळी दूर कोपऱ्यात झेल घेणे म्हणजे त्याला होम प्लेटपर्यंत पळायची मोकळीक देणे. तिथून फेकलेला चेंडू वेळेत पोहोचणार नाही असे वाटले तर क्षेत्ररक्षक हात मागे घेतो. अर्थात धावत असताना, मान वर करून, निमिषात हा हिशेब करायचा असतो.

फाऊल क्षेत्राचा आकार सर्वत्र सारखा नसतो. ऑकलंडच्या कोलिझियममध्ये, जिथे ऑकलंडचा संघ 1968 ते 2024 खेळला, ते फार विस्तीर्ण होते आणि अन्यत्र प्रेक्षकांत पडणारे चेंडू तिथे झेल होत; फेनवे पार्कमध्ये ते अगदीच तोकडे आहे. जिथे मैदान संपते तिथे प्रेक्षकांचाही हक्क सुरू होतो. क्षेत्ररक्षकाने कठड्यापलीकडे हात नेला तर तो आपल्या जबाबदारीवर. प्रेक्षकाने मैदानाच्या बाजूला वाकून झेल अडवला तर मात्र पंच फलंदाजाला बाद देऊ शकतात. 14 ऑक्टोबर 2003 रोजी शिकागो कब्ज आणि फ्लोरिडा मार्लिन्स यांच्या सामन्यात आठव्या डावात मोईसेस आलूने डाव्या कठड्यावर उडी घेतली तेव्हा चेंडू एका प्रेक्षकाच्या हाताला लागून गेला. चेंडू कठड्यापलीकडे होता असे मानून पंचांनी अडथळा दिला नाही. कब्ज 3-0 ने पुढे होते. त्या डावात मार्लिन्सने आठ धावा केल्या. त्या प्रेक्षकाला पुढे लोकांनी जो त्रास दिला तो सर्वस्वी अन्याय्य होता, कारण त्या आठ धावांमागे मैदानावरच्याही चुका होत्या.

प्रश्न : थर्ड बेसवरचा धावणारा रेषेच्या बाहेरून पुढे सरकतो आणि परतताना आतून येतो. ही सवय की नियम?

उत्तर : नियमातून आलेली सवय. क्षेत्ररक्षकाने स्पर्श करण्याआधी फेअर चेंडू फेअर क्षेत्रात धावणाऱ्याला लागला तर तो बाद होतो. बाहेर चालताना चेंडू लागला तर तो चेंडूच फाऊल ठरतो आणि नुकसान होते ते फक्त दुखापतीचे. परतताना आतून येण्याचे कारण वेगळे: कॅचरने थर्ड बेसवर चेंडू फेकला तर मध्ये धावणाऱ्याची पाठ येते.

प्रश्न : आता व्हिडिओ असताना पंचांच्या नजरेवर का अवलंबून राहायचे?

उत्तर : मेजर लीगमध्ये 2008 पासून होमरनच्या निर्णयांसाठी आणि 2014 पासून इतर अनेक निर्णयांसाठी व्हिडिओ पाहिला जातो. फेअर-फाऊलचा निर्णय मात्र चेंडू फर्स्ट किंवा थर्ड बेसच्या पंचांच्या जागेपलीकडे पहिल्यांदा पडला असेल तरच तपासता येतो. मॉअरचा चेंडू आज तपासला गेला असता. बेसच्या अलीकडचा किंवा उशीवरून उसळलेला चेंडू तपासता येत नाही, आणि हे बंधन मला योग्य वाटते. तिथे फाऊलची खूण झाली की क्षेत्ररक्षक थांबतात, धावणारे थांबतात. नंतर तो फेअर होता असे कळले तरी कोण कुठवर पोहोचला असता हे कल्पनेनेच ठरवावे लागेल.

खुणेबद्दलही एका वाचकाने विचारले आहे. फाऊल असेल तर पंच दोन्ही हात वर करून मोठ्याने तसे सांगतात. फेअर असेल तर आवाज न करता फक्त आतल्या बाजूला बोट दाखवतात, कारण आरडाओरड ऐकून कोणी खेळ थांबला असे समजू नये. बेसपर्यंतचा निर्णय प्लेटमागच्या पंचाचा, बेसवरचा आणि पुढचा त्या बेसच्या पंचाचा.

प्रश्न : पिचरच्या पायाखालच्या पांढऱ्या पट्टीवर आदळून चेंडू फर्स्ट बेसच्या अलीकडे बाहेर गेला. बेससारखीच ती पट्टी असताना फाऊल कसा?

उत्तर : ती पट्टी बेस नाही. कोणाचाही स्पर्श न होता तिथून उसळलेला चेंडू होम आणि फर्स्ट किंवा होम आणि थर्ड यांच्यामध्ये बाहेर गेला तर फाऊल. पिचरच्या अंगाला लागून गेला असता तर फेअर.

प्रश्न : "इनफील्ड फ्लाय, फेअर असल्यास" असे पंच ओरडतात ते काय?

उत्तर : दोघांपेक्षा कमी बाद असताना आणि फर्स्ट-सेकंड किंवा तिन्ही बेस भरलेले असताना इनफील्डमधला, म्हणजे बेसच्या चौकोनाजवळचा, सोपा उंच झेल मुद्दाम सोडून दोघांना एकदम बाद करण्याची युक्ती थांबावी, म्हणून पंच फलंदाजाला झेल घेण्याआधीच बाद जाहीर करतात. चेंडू रेषेजवळ असेल तर तो फेअर राहील की नाही हे अजून माहीत नसते, म्हणून ती अट जोडतात. समजा, चेंडू स्पर्शाविना आत पडला, उसळला आणि बेसच्या अलीकडे बाहेर जाऊन थांबला. मग जाहीर केलेले सगळे रद्द होते, धावणारे आपापल्या बेसवर परततात, आणि फलंदाज पुन्हा बॅट घेऊन उभा राहतो. दोन स्ट्राइक झालेले नसतील तर एक स्ट्राइक खात्यावर चढवून.